वाचकांचे प्रश्न : नाडीची लाट, अरुंद नस आणि फुगलेली नस

मागील अंकात या सदरात एक विधान ओघात आले होते. निरोगी माणूस आडवा झोपलेला असताना त्याच्या घोट्याजवळचा वरचा रक्तदाब दंडापेक्षा थोडा जास्तच भरतो, असे ते विधान होते. हृदयापासून दूर गेल्यावर दाब कमी व्हायला हवा, तो वाढतो कसा, असे विचारणारी पत्रे आली आणि त्यांच्यासोबत अरुंद झालेल्या व फुगलेल्या नसांविषयीही प्रश्न आले. या साऱ्यांचे मूळ नाडीच्या लाटेत आहे, म्हणून या वेळी चार पत्रे एकत्र घेतली आहेत. हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या नळ्यांना शालेय पुस्तकात रोहिणी म्हणतात, बोलताना आपण सगळ्यांनाच नस म्हणतो. उत्तरांत मी रोहिणी हाच शब्द वापरला आहे.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. शेताच्या बांधावरून दोन-तीनशे पावले चालले की त्यांची उजवी पोटरी भरून येते. 'पोटरी भरी येस' एवढेच ते सांगतात आणि उभे राहतात, की दोन-तीन मिनिटांत दुखणे थांबते. डॉक्टरांनी दंडाला आणि घोट्याला पट्टा बांधून दाब मोजला. दंडाला १४० आणि घोट्याला ९८ भरला. डॉप्लर केल्यावर मांडीच्या नसेत ब्लॉकेज आहे आणि त्यापुढे नाडीची लाट बदलली आहे, असे सांगितले. पण पायावर नाडी तर हाताला लागते. नाडी लागते म्हणजे रक्त पोहोचते, मग दुखते का? ठिबकची नळी दबली की मागे दाब वाढतो, तसा वडिलांचा बीपी या ब्लॉकेजमुळे वाढला असेल का? (शेतकरी वाचक, साक्री तालुका)

उत्तर : 'नाडी लागते म्हणजे रक्त पोहोचते' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जण बोलतो आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. बोटांखाली लागते ते रक्ताचे येणे नव्हे. दाबाची लाट जाताना रोहिणीची भिंत क्षणभर ताणली जाते, ते आपल्याला लागते. तुम्ही पांझरेकाठचे आहात, म्हणून फडाचेच, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर भिजणाऱ्या शेतांचेच, उदाहरण घेतो. पाटात आधीपासून पाणी वाहत असताना पाटकऱ्याने बंधाऱ्याजवळचे दार आणखी थोडे उचलले, तर खालच्या फडाजवळ पाण्याची पातळी आधी चढते आणि बंधाऱ्यातून नव्याने सुटलेले गढूळ पाणी बरेच मागून येते. पातळी चढल्याची वर्दी एका वेगाने चालते, पाणी दुसऱ्याच वेगाने. शरीरातही तसेच घडते. हृदयाने रक्त ढकलले की दाबाची लाट सेकंदाला साधारण ५ ते १० मीटर वेगाने धावते आणि सेकंदाच्या एक दशांशाच्या आसपास मनगटाला पोहोचते. महारोहिणीतील, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रोहिणीतील, रक्ताचा सरासरी वेग मात्र सेकंदाला २० सेंटीमीटरच्या आसपास असतो, आणि पुढे फांद्या फुटत जातात तसा तो आणखी घटतो. ज्या ठोक्याची लाट तुमच्या बोटांना लागली, त्या ठोक्याचे रक्त तेव्हा महारोहिणीच्या सुरुवातीलाच रेंगाळत असते. म्हणून लाट आली यावरून रक्त पुरेसे आले असा निष्कर्ष काढता येत नाही.

मग विश्रांतीत दुखत का नाही? रोहिणीचा व्यास निम्मा झाला तर तिचे तोंड, म्हणजे आडव्या छेदाचे क्षेत्रफळ, एक चतुर्थांश उरते. तरीही माणूस बसलेला असताना पायाला मिळणारे रक्त फारसे घटत नाही, कारण अरुंद जागेच्या पुढच्या बारीक रोहिण्या आपले तोंड रुंदावतात आणि घटलेल्या दाबावरही गरजेपुरते रक्त ओढून घेतात. शरीराची ही तडजोड इतकी चोख असते की पुष्कळ जणांना वर्षानुवर्षे काही कळतच नाही. चालायला लागल्यावर पोटरीचे स्नायू कितीतरी पटींनी अधिक रक्त मागतात. बारीक रोहिण्या तर आधीच रुंदावलेल्या असतात, त्यांना आणखी फार रुंदावता येत नाही, आणि तेवढे रक्त त्या अरुंद जागेतून जाऊ लागले की तेथे वाया जाणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणारी तपासणी, करणारे डॉक्टर यासाठी एक सोपा आडाखा वापरतात. अरुंद जागेतील रक्ताचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि त्याला ४ ने गुणावे, म्हणजे तेथे किती मिलीमीटर पाऱ्याइतका दाब पडतो याचा अंदाज येतो. वेग २ असेल तर १६, आणि वेग दुप्पट होऊन ४ झाला तर एकदम ६४. तुमच्या वडिलांच्या बाबतीत आडवे झोपलेले असतानाच दंड आणि घोटा यांत ४२ चा फरक आहे. चालताना तो किती होत असेल याची यावरून कल्पना येईल. दोन-तीन मिनिटे उभे राहिल्यावर मागणी ओसरते आणि कळही जाते.

घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागले की ९८ भागिले १४०, म्हणजे ०.७० येते. ही संख्या ०.९० पेक्षा कमी असणे हे पायाच्या रोहिणीतील अडथळ्याचे लक्षण मानले जाते. मात्र मधुमेह जुना असेल तर रोहिणीच्या भिंतीत चुना साचून ती इतकी ताठर होते की पट्टा कितीही आवळला तरी दबत नाही, आणि मग ही संख्या १.४० च्या वरही जाते. तेव्हा आकडा मोठा म्हणून पाय निरोगी असे समजू नये. वडिलांना मधुमेह असल्यास डॉक्टरांना ही शंका अवश्य विचारा.

आता लाट बदलली म्हणजे काय ते सांगतो. निरोगी माणूस स्वस्थ पडलेला असताना त्याच्या पायाच्या रोहिणीवर डॉप्लर ठेवला तर प्रत्येक ठोक्याला तीन हालचाली दिसतात. आधी रक्त जोरात पुढे जाते, मग क्षणभर मागे सरकते आणि पुन्हा हळूच पुढे येते. मधले मागे सरकणे हे पायाच्या टोकाकडील आवळलेल्या बारीक रोहिण्यांवर आपटून परतलेल्या लाटेमुळे असते. ब्लॉकेजच्या पुढे मात्र बारीक रोहिण्या सताड उघड्या असतात, त्यामुळे लाट परतवायला फारसे काही उरत नाही. शिवाय अरुंद जागा लाटेचा झटका गाळून टाकते. गाळून हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. लाटेतील हळू बदल अरुंद जागेतून पार होतात, पण तीक्ष्ण चढ पार होत नाही, आणि पुढे पोहोचते ती बुटकी, हळूहळू चढणारी आणि हळूहळू उतरणारी एकच टेकडी. बोटांना तीही लागतेच.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, पण पटले ते एका चुकीनंतर. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत तुमच्या वडिलांसारखीच तक्रार घेऊन आलेल्या एका गृहस्थांच्या घोट्यामागची नाडी मला व्यवस्थित लागली, म्हणून मी कंबरेच्या मणक्याचे दुखणे ठरवून त्यांना गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी ते तसेच परत आले. तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यांना जिना चार वेळा चढायला-उतरायला लावले आणि लगेच पुन्हा नाडी पाहायला सांगितली. ती नाहीशी झाली होती. दहा मिनिटांनी परत आली.

राहिला बीपीचा प्रश्न. शेतात ठिबकच्या एका लॅटरलला चिमटा बसला तर त्या एका नळीपुढची रोपे सुकतात, पण मोटारीजवळच्या मीटरवर काटा जवळपास हलत नाही, कारण बाकीच्या शेकडो नळ्या मोकळ्या असतात. मांडीतील एका रोहिणीचेही तसेच आहे. तिच्या अरुंद होण्याने सबंध शरीराचा दाब वाढत नाही. उलट वर्षानुवर्षे वाढलेला दाब, तंबाखू, मधुमेह आणि रक्तातील चरबी यांमुळे ती अरुंद होते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद झाली तर साऱ्या शरीराचा दाब चढतो, पण तो लाट अडल्यामुळे नव्हे. मूत्रपिंडाला वाटते की शरीरातलाच दाब उतरला आहे, आणि ते रेनिन नावाचे द्रव्य सोडून दाब चढवणारी साखळी सुरू करते. हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या रोहिणीला चिमटा लावून हे दाखवले होते.

वडिलांना बिडी-तंबाखूची सवय असेल तर ती पूर्ण सुटायला हवी, कमी करून भागत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यास रोज ठरवून, कळ येईपर्यंत चालणे, थांबणे आणि पुन्हा चालणे हा या आजारावरील खरा उपचार आहे आणि तो अनेकदा गोळ्यांइतकाच उपयोगी पडतो. रात्री झोपेतही पाय ठणकू लागला किंवा पायावरची जखम भरेना, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

प्रश्न : मी विज्ञानाची निवृत्त शिक्षिका आहे. नळी अरुंद झाली की वेग वाढतो आणि दाब कमी होतो, हे बर्नुलीचे तत्त्व मी मुलांना अनेक वर्षे शिकवले. आता वाचनात आले की अरुंद जागेवर नाडीची लाट परावर्तित होते आणि तिच्या अलीकडे दाब वाढतो. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी? आणि रोहिणी अरुंद होण्याऐवजी फुगलेली असेल तर लाटेचे काय होते? ती तेथे मंदावते का? (वाचक, अमळनेर)

उत्तर : दोन्ही विधाने खरी आहेत, कारण ती वेगवेगळ्या जागांविषयी आणि वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलतात. बर्नुलीचे तत्त्व नळीच्या अरुंद गळ्याच्या, म्हणजे आकुंचलेल्या जागेच्या, आत, संथ वाहत्या प्रवाहात, दाब किती असेल ते सांगते. परावर्तन हे बदलाविषयी आहे. वरून दाबाचा नवा चढ आला तर त्याचा किती भाग पुढे जाईल आणि किती मागे फिरेल, एवढाच त्याचा प्रश्न असतो, आणि मागे फिरलेला भाग गळ्याच्या अलीकडे जाणवतो.

लाटेचा वेग कशावर ठरतो हे आधी पाहू. थॉमस यंग यांनी, म्हणजे प्रकाशाचे तरंगरूप दाखवणाऱ्या त्याच यंग यांनी, १८०८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हृदय आणि रोहिण्यांविषयी व्याख्यान दिले आणि नाडीच्या लाटेचा वेग भिंतीच्या लवचिकतेशी जोडला. पुढे १८७८ मध्ये मोन्स आणि कोर्टेवेग या दोघा डच संशोधकांनी आज आपण वापरतो ते सूत्र मांडले. शब्दांत सांगायचे तर वेगाचा वर्ग म्हणजे भिंतीच्या द्रव्याचा ताठरपणा गुणिले तिची जाडी, भागिले रक्ताची घनता गुणिले नळीचा व्यास. (कालव्यात न मोडता एकटीच धावत जाणाऱ्या लाटेच्या १८९५ मधील प्रसिद्ध समीकरणात ज्यांचे नाव आहे, ते कोर्टेवेग हेच.) तरुण महारोहिणीचा ताठरपणा ५ लाख पास्कल, जाडी व्यासाच्या एक दशांश आणि रक्ताची घनता घनमीटरला १०६० किलोग्रॅम धरली तर वेग सेकंदाला जवळपास ७ मीटर येतो. हाताने मांडलेले हे गणित प्रत्यक्ष मोजमापाच्या इतके जवळ जाते याचे मला अजूनही कौतुक वाटते. वय वाढते तशी भिंत ताठर होते आणि वेग वाढतो. मानेपासून जांघेपर्यंत मोजलेला वेग सेकंदाला १० मीटरच्या वर गेला तर रोहिण्या ताठरल्या असे डॉक्टर समजतात.

आपल्याकडे विहिरीवरची वीज अचानक गेली की पाइपातले पाणी मागे येऊन फूटवॉल्व्हवर दणका बसतो. तो दणकाही दाबाची लाटच आहे आणि तिचे सूत्र याच कुळातले आहे. लोखंडी पाइपात ती सेकंदाला हजार मीटरहून अधिक वेगाने धावते, पीव्हीसी पाइपात तीन-चारशे मीटरने, आणि रोहिणीत अवघ्या ५ ते १० मीटरने. पाणी आणि रक्त यांच्या घनतेत फारसा फरक नाही. सारा फरक भिंतीच्या मऊपणाचा आहे.

आता परावर्तन. नळीतून जाणाऱ्या लाटेला किती मोकळी वाट मिळते हे क्षेत्रफळ भागिले लाटेचा वेग या संख्येने मोजता येते. अलीकडच्या वाटेतून पलीकडची वाट वजा करून दोहोंच्या बेरजेने भागले की लाटेच्या उंचीचा किती भाग मागे फिरेल ते कळते. व्यास निम्मा, क्षेत्रफळ पाव आणि वेग दोन्हीकडे सारखा धरला तर १ वजा ०.२५ भागिले १.२५, म्हणजे ०.६ उत्तर येते. साठ टक्के उंचीची लाट मागे फिरली, असे वाचून कोणीही दचकेल. पण हे गणित पुढे लांबच लांब अरुंद राहणाऱ्या नळीचे आहे. प्रत्यक्षातील ब्लॉकेज अनेकदा एक-दोन सेंटीमीटरचेच असते आणि त्यापुढे रोहिणी पुन्हा रुंद होते. अरुंदाकडून रुंदाकडे जाताना लाट उलट्या चिन्हाने परावर्तित होते. वेग ७ मीटर असेल तर २ सेंटीमीटर जाऊन परत यायला तिला सेकंदाच्या हजाराव्या भागातले सहाएक भाग पुरतात, आणि नाडीच्या चढाला मात्र असे शंभराच्या आसपास भाग लागतात. तेव्हा पहिल्या कडेवरून फिरलेली धन लाट आणि दुसऱ्या कडेवरून फिरलेली ऋण लाट एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. दुसऱ्या तऱ्हेने पाहायचे तर मिनिटाला ७२ ठोके आणि ७ मीटर वेग यांवरून एका नाडीची लांबी जवळजवळ ६ मीटर निघते, म्हणजे माणसाच्या उंचीच्या तिपटीहून अधिक. एवढ्या लांब लाटेला दोन सेंटीमीटरची अरुंद जागा जेमतेम जाणवते.

पुस्तकांतून परावर्तनाला जितके महत्त्व दिलेले आढळते तितके आखूड ब्लॉकेजच्या बाबतीत ते मला पटत नाही, ते या कारणाने. तेथे खरे नुकसान वेगळ्याच ठिकाणी होते. गळ्यातून सुसाट निघालेला झोत पुढच्या रुंद भागात शिरला की भोवरे उठतात आणि वेगात गेलेला दाब परत मिळण्याऐवजी भोवऱ्यांत जिरतो. बर्नुलीचे तत्त्व ऊर्जा कोठेही वाया जात नाही असे गृहीत धरते, म्हणून त्याच्या हिशोबात गळ्यापुढे दाब पूर्ववत व्हायला हवा. रोहिणीत तो होत नाही. ते भोवरे स्टेथोस्कोपमधून फुरफुर ऐकू येतात आणि कधीकधी बोटांना भुंगा गुणगुणावा तशी थरथर लागते. डॉप्लर करणाराही परावर्तन शोधत बसत नाही, झोताचा वेग पाहतो. मेंदूकडे जाणाऱ्या मानेच्या रोहिणीत तो सेकंदाला १२५ सेंटीमीटरपेक्षा जास्त निघाला तर व्यास निम्म्याहून अधिक गेला असे समजतात, आणि २३० च्या वर गेला तर सत्तर टक्क्यांहून अधिक. अरुंद जागेपुढचा रोहिणीचा तुकडा कधीकधी त्या भोवऱ्यांच्या माऱ्याने हळूहळू रुंदावतो. तुमच्या प्रश्नातील दोन्ही दोष असे एकामागोमाग एक, एकाच रोहिणीत सापडू शकतात.

फुगलेल्या रोहिणीचे गणित मला अधिक रंजक वाटते. समजा पोटातील महारोहिणी २ सेंटीमीटरची ५ सेंटीमीटर झाली. क्षेत्रफळ सव्वासहा पट झाले. वेग बदलला नाही असे मानले तर परावर्तनाची संख्या उणे ०.७२ येते. उणे म्हणजे परत फिरणारी लाट दाब वाढवणारी नसून कमी करणारी असते, जणू पुढची वाट अचानक मोकळी झाली. भिंतीचा ताठरपणा आणि जाडी तशीच राहिली तर सूत्राप्रमाणे वेग ७ वरून साडेचारच्या आसपास उतरतो, आणि तुमचा 'मंदावते का' हा प्रश्न 'होय' म्हणून सुटतो. पण फुगलेली भिंत तशी राहत नाही. तिच्यातील रबरासारखे ताणले जाणारे इलास्टिनचे धागे झिजलेले असतात आणि उरतात ते कोलॅजेनचे, दोरखंडासारखे ताठ धागे. त्यामुळे व्यास वाढल्याने वेग उतरायचा आणि ताठरपणाने तो चढायचा, अशी ओढाताण सुरू होते. ताठरपणा इतका वाढला की वेगही सव्वासहा पट झाला, तर क्षेत्रफळ भागिले वेग ही संख्या पूर्वीइतकीच होईल आणि परावर्तन शून्यावर येईल. म्हणजे केवढा तरी मोठा फुगवटा लाटेला दिसणारच नाही. खऱ्या भिंती या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतात. आपण त्याला फुगा म्हणतो आणि मऊ, ताणल्या जाणाऱ्या पिशवीचे चित्र डोळ्यांपुढे आणतो. शब्दच फसवा आहे.

घोट्याचा दाब दंडापेक्षा जास्त का, हा मागील अंकाचा प्रश्नही येथेच सुटतो. पायाच्या टोकाकडील बारीक रोहिण्यांवरून फिरलेली लाट येणाऱ्या लाटेवर चढते, शिवाय पायाकडे जाताना रोहिण्या अधिक बारीक आणि अधिक ताठर होत जातात, म्हणून लाटेचा माथा उंचावतो. सरासरी दाब उतरणीलाच लागलेला असतो, वाढतो तो फक्त माथा. तरुणपणी परतलेली लाट हृदयाजवळ पोहोचते तेव्हा हृदयाची झडप बहुधा मिटलेली असते आणि ती लाट हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्या भरायला मदतच करते. उतारवयात लाटा वेगाने जातात-येतात, परतलेली लाट झडप उघडी असतानाच येऊन ठेपते आणि हृदयाला तिच्याविरुद्ध ढकलावे लागते. वयस्कांचा वरचा आकडा वाढत जाण्याचे हे एक कारण आहे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७२ आहे, अंगाने ती अगदी किरकोळ आहे. उताणी झोपली की बेंबीच्या वर पोट ठोके देताना दिसते. शेजारच्या बाई म्हणाल्या, नस फुगली असेल. तसे असते का? (गृहिणी, शहादा)

उत्तर : बारीक अंगाच्या माणसाच्या पोटातून निरोगी महारोहिणीचे ठोकेही दिसतात, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. डॉक्टर दोन्ही हातांची बोटे ठोक्याच्या दोन बाजूंना ठेवून पाहतात. बोटे नुसतीच वर उचलली गेली तर ठोका दुसऱ्या कशातून तरी पोहोचवला जातो आहे असे समजावे, आणि बोटे एकमेकांपासून दूर ढकलली गेली तर रोहिणी स्वतः रुंदावते आहे. पण ही परीक्षा हुकू शकते, त्यामुळे एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. ती साधी आणि वेदनारहित आहे आणि तालुक्याच्या गावीही होते.

पोटातील महारोहिणीचा व्यास साधारण २ सेंटीमीटर असतो. ३ सेंटीमीटर किंवा अधिक झाला तर ती फुगली असे म्हणतात. लहान फुगवट्याला ठरावीक अंतराने पुन्हा मोजत राहणे एवढेच पुरते, आणि पुरुषांत साडेपाच व स्त्रियांत पाच सेंटीमीटरच्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. मोठा फुगवटाच अधिक धोक्याचा का, याचे कारण सायकलच्या ट्यूबमध्ये दिसते. टायर जेथे फाटला असेल तेथून ट्यूबचा फुगा बाहेर येतो, आणि हवा सगळीकडे एकाच दाबाची असूनही फुटतो तो तेथेच. भिंतीवरचा ताण हा दाब गुणिले त्रिज्या असतो. दाब तोच राहून व्यास २ चा ५ झाला तर ताण अडीच पट होतो, आणि तोही झिजलेल्या भिंतीवर. रक्तही अशा रुंद जागेत मंदावून गोल फिरते आणि भिंतीला गुठळ्यांचा थर धरतो, ज्याचा एखादा कण सुटून पायाच्या बोटापर्यंत जाऊ शकतो. आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटातील महारोहिणी अशीच फुगलेली होती. १९४८ मध्ये शल्यचिकित्सक रुडॉल्फ निसेन यांनी तिच्याभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला होता; १९५५ मध्ये ती फुटून आइन्स्टाइन यांचे निधन झाले.

आईंच्या पोटात किंवा पाठीत अचानक भयंकर कळ आली आणि सोबत चक्कर किंवा घाम असेल, तर सोनोग्राफीची तारीख पाहत न बसता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

प्रश्न : मनगटावरची नाडी पाहून हृदयातील ब्लॉकेज ओळखता येते, असे आमच्या गावात ठामपणे सांगितले जाते. यात तथ्य आहे का? (विद्यार्थी, धुळे)

उत्तर : नाही. हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्या अवघ्या तीन-चार मिलीमीटर रुंद असतात आणि त्या महारोहिणीच्या अगदी मुळाशी फुटून हृदयाकडेच वळतात. मनगटाकडे जाणारी लाट त्यांच्यातून जातच नाही, त्यामुळे त्यांच्यातील अडथळ्याची खूण तिच्यावर उमटण्याचा मार्ग नाही.

याचा अर्थ नाडी मुकी असते असा मात्र नव्हे. ठोक्यांची संख्या, ताल आणि चुकणारा ठोका तिच्यावरून कळतो. महारोहिणीच्या तोंडाची झडप अरुंद झाली तर नाडी रेंगाळत, हळूहळू चढते. तीच झडप गळकी असेल तर नाडी उसळते आणि लगेच कोसळते. दोन्ही मनगटांच्या नाडीत ठळक फरक असेल तर एका हाताची रोहिणी मुळाशी अरुंद असण्याची शंका घ्यावी. एटिएन-ज्युल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८६० मध्ये मनगटावर बांधायचे तरफेचे यंत्र करून लाटेचा आकार काजळी लावलेल्या कागदावर उतरवला होता, आणि बोटांना जाणवणारे हे फरक तेव्हा प्रथम डोळ्यांना नीट दिसू लागले.

केवळ बोटांनी अरुंद रोहिणी पकडता येते असे एक उदाहरण तर प्रत्येक बालरोगतज्ज्ञाला पाठ असते. काही मुलांची महारोहिणी जन्मतःच छातीत, डाव्या हाताची फांदी फुटते त्याच्या किंचित पुढे, आवळलेली असते. अशा मुलाच्या हाताचा दाब जास्त आणि पायाचा कमी भरतो. निरोगी मुलाच्या मनगटाची आणि जांघेची नाडी जवळजवळ एकाच क्षणी लागते, पण या मुलाच्या जांघेची नाडी दुबळी असते आणि मागाहून येते. लाटेला वाटेत फार वेळ लागला म्हणून हे होत नाही. आवळलेल्या जागेने तिचा चढ गाळून टाकलेला असतो, आणि हळूहळू चढणारी लाट बोटांना जाणवण्याइतकी उंच उशिरा होते. हे कळण्यासाठी डॉक्टरला एका हाताची बोटे मुलाच्या मनगटावर आणि दुसऱ्या हाताची त्याच वेळी जांघेत ठेवावी लागतात. एकापाठोपाठ एक पाहिले तर हा फरक सुटून जातो.